आधी काठ, मग वल्हं: शिवसागरात कयाक घालणाऱ्या नवख्यांसाठी

कोयनेत आज किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आहे, हे सातारा-सांगलीत पावसाळ्यात चहाच्या टपरीवरही कळतं. सांगलीकर तो आकडा पुराच्या धास्तीने, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे डोळे लावून वाचतो. शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, कयाक (दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायची बुटकी होडी) घालायची असेल तर तोच आकडा दिवाळीनंतरही वाचत राहायचा, कारण आज काठावर कुठे उतरता येईल आणि कुठे नाही, हे त्यावर ठरतं. कयाकिंग शिकवणारे बहुतेकजण वल्ह्यापासून सुरुवात करतात. इथे ती काठापासून करू. वल्हं दोन दिवसांत हाताला बसतं, धरणाचा काठ ओळखायला वेळ लागतो.

हे पाणी नेमकं कसलं आहे

कोयनेचा उगम महाबळेश्वरचा. तिथून नदी डोंगरांच्या दोन रांगांमधून दक्षिणेकडे उतरते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. 1964 मध्ये कोयनानगरचं धरण पूर्ण झालं आणि वळणाच्या वरचं सगळं खोरं पाण्याखाली गेलं. तोच शिवसागर: लांबी 50 किलोमीटरच्या घरात, पूर्ण भरल्यावर पसारा सुमारे 115 चौरस किलोमीटर, साठा 105.25 टीएमसी.

नवख्याने यातून एवढं घ्यायचं की हे गोल, सपाट काठाचं तळं नाही. डोंगराच्या सोंडा होत्या त्या आता पाण्यात घुसलेली नाकं झाली आहेत आणि सोंडांमधले ओढे लांबच लांब खाड्यांसारखे आत शिरले आहेत. काठ खडकाळ, चढा, तांबड्या मुरमाचा. कित्येक ठिकाणी पाण्यातून सरळ डोंगरच वर चढतो. सोंडेवरून समोरची सोंड हाकेवर वाटते, पण काठाकाठाने गेलात तर मधली खाडी तुम्हाला पार आत नेऊन बाहेर आणते. नकाशावर बोटाने मोजलेलं अंतर म्हणून फसवतं.

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर लेक सुपीरियर नावाचं अवाढव्य गोडं सरोवर आहे. तिथल्या खडकाळ काठाने लोक समुद्री कयाक घेऊन आठवडा-आठवडा फिरतात. पाणी गोडं असलं तरी होडी समुद्राचीच वापरतात, कारण लाटा समुद्रासारख्या उठतात आणि पाणी जीवघेणं थंड असतं. शिवसागरात तशी थंडीही नाही आणि तेवढ्या लाटाही नाहीत. तरी नियम बरेचसे तेच लागतात. लांबलचक पाणी, मोकळा वारा आणि उतरायला मोजक्या जागा, हे तीन मुद्दे दोन्हीकडे सारखे आहेत.

कुठे जायचं नाही

हे आधी उरकून घेऊ. सांगली जिल्ह्यातल्या वाचकांना पहिला मोह घराजवळच्या कृष्णेचा होतो. होड्यांच्या शर्यती पाहत मोठं झालेल्या माणसाला तो होणारच. पण भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात मगरी आहेत आणि त्यांनी माणसांवर हल्ले केलेले आहेत. पाण्याला टेकून बसण्याइतकी बुटकी होडी तिथे नेऊ नका. चांदोली धरणाचा वसंतसागर जलाशय राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो, तोही सोडा. कास तलाव साताऱ्याच्या पिण्याच्या पाण्याचा आहे.

शिवसागरातही सगळं पाणी मोकळं नाही. दक्षिणेला धरणाच्या भिंतीकडचा भाग आणि वीजप्रकल्पासाठी पाणी ओढून घेणारे मनोरे यांच्या वाऱ्यालाही फिरकायचं नाही. या पाण्याचा मोठा हिस्सा बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरतो. वरून पाणी निवांत दिसतं, आत ओढ असते.

पश्चिमेचा काठ म्हणजे कोयना अभयारण्य, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथे वनखात्याच्या परवान्याशिवाय पाय ठेवता येत नाही. होडीतून उतरून पाच मिनिटं फोटो काढणं हेही पाय ठेवणंच. नवख्याने पूर्वेचा, गावांचा काठ धरावा. आपले तळ तिथेच आहेत: तापोळा, बामणोली, शेंबडी, मुनावळे.

कधी

जून ते सप्टेंबर विषयच नाही. पाऊस, धुकं आणि ओढ्यांतून वाहून येणारी लाकडं. त्या काळात बोटीही बंद असतात.

ऑक्टोबरात धरण काठोकाठ असतं, म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 2163 फुटांच्या आसपास. दिसायला सगळ्यात देखणा महिना, पण झाडी थेट पाण्याला टेकलेली असते आणि उतरायला जागा कमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नवख्यांचा हंगाम. मार्चनंतर पातळी झपाट्याने उतरते आणि उन्हाळ्याच्या शेवटी ऐंशी-शंभर फूट खाली गेलेली असते. उभ्या काठावर त्याने फारसा फरक पडत नाही, पण उताराच्या जागी पाणी आणि गाव यांच्यामध्ये चिखलाचं एक मैदानच पडतं. शिवाय एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव. गडगडाट कानावर आला की पाणी सोडायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत उतरायचं नाही.

वेळ सकाळची, यात तडजोड नको. हिवाळ्यात पहाटे धुकं असतं, ते निवळून समोरचा काठ स्वच्छ दिसेपर्यंत थांबा. मग निघा आणि अकराच्या आत निम्म्याहून अधिक अंतर मागे पडलेलं असू द्या.

होडी आणि सामान

बोटक्लबांकडे असते ती बहुधा वर बसायची, उघडी, रुंद प्लास्टिकची कयाक. तिला कमी लेखू नका. उलटली तरी बुडत नाही, आत पाणी साठत नाही आणि परत चढणं सोपं. पहिले काही महिने हीच चालवावी असं माझं स्पष्ट मत आहे.

समुद्री कयाक वेगळी. 14 ते 18 फूट लांब, जेमतेम दोन फूट रुंद, पुढे-मागे सामानाचे बंद कप्पे. सरळ रेषेत पळते आणि वाऱ्यात टिकते, पण बसल्या बसल्या डुलते. नवखा माणूस पहिल्या तासात घट्ट धरून बसतो, आणि त्यानेच ती जास्त डुलते. कंबर सैल ठेवली की होडी आपली आपण सावरते. या होडीचे कप्पे निघण्यापूर्वी उघडून, झाकणं पुन्हा दाबून बंद करून बघा. कप्प्यात शिरलेलं पाणी वरून दिसत नाही. मग तिसरा प्रकार, हवा भरायची कयाक. एसटीच्या डिकीत मावते हा तिचा मोठा गुण, पण जरा वारा सुटला की पानासारखी वाहत जाते. बामणोलीच्या खाडीत खेळायला ठीक.

लाइफ जॅकेटबद्दल वाद घालू नका. ‘मला पोहता येतं’ हे कारण नाही. 2019 च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटून जीव गेले. त्या गावात नदीकाठी जन्म काढलेली माणसं राहतात. जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा आणि सोबत्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. दुसरं मागा. दुसरं नसेल तर त्या दिवशी होडीत बसू नका.

बाकीचं सामान: जॅकेटला बांधलेली शिट्टी, पाणी उपसायला डबा किंवा हातपंप, दहा-पंधरा मीटर दोरी, जलरोधक पिशवीत कोरडे कपडे, माणशी दोन-तीन लिटर पिण्याचं पाणी, भडक रंगाची टोपी किंवा शर्ट. शेवटची गोष्ट शोभेची नाही. लाँच (प्रवासी मोटरबोट) चालवणाऱ्याला उन्हाच्या झगमगाटात कयाक दिसतच नाही, दिसतो तो रंग. सुती कपडे टाळा. भिजल्यावर वाळत नाहीत आणि डिसेंबरच्या सकाळी वाऱ्याने हुडहुडी भरते. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने बूट. चपला चिखलात राहतात, पाय वर येतो.

पहिला धडा: पडा

वल्हवण्याआधी होडी उलटी करायला शिका. छातीभर पाण्यात, काठाजवळ, सोबत जाणता माणूस ठेवून. मुद्दाम पडायचं आणि परत चढायचं. हे ज्याने केलं नाही, त्याने खोल पाण्यात जाऊ नये.

वर बसायची कयाक असेल तर उलट्या होडीच्या बाजूला या. एक हात तळावरून पलीकडे टाकून पलीकडची कड किंवा पट्टा धरा, गुडघा अलीकडच्या कडेला टेकवा आणि मागे रेला. होडी सुलटी होते. आता चढताना सगळे करतात ती चूक म्हणजे पाय खाली सोडून, हातांच्या जोरावर वर ओढून घेणं. तसं केलं की होडी अंगावर येते. त्याऐवजी पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणून पोहल्यासारखे जोरात मारा आणि त्या झोकात पोटावर होडीवर आडवे सरका. बेंबी होडीच्या मधोमध आली की थांबा, श्वास घ्या. मग कुशीवर वळून बूड खोबणीत आणा, पाय सगळ्यात शेवटी.

समुद्री कयाकमध्ये दोघं लागतात. मदत करणारा तुमच्या होडीच्या नाकापाशी आडवा येतो, नाक उचलून स्वतःच्या होडीवर घेतो, आतलं पाणी गळून जातं, मग ती सुलटी करून दोन्ही होड्या शेजारी-शेजारी उलट तोंडांनी लावतो. तो तुमच्या बैठकीची कड घट्ट धरून स्वतःचं वजन तुमच्या होडीवर टाकतो. तुम्ही मागच्या बाजूने पाय मारत पालथे चढता, पालथेच पाय बैठकीत सारता आणि शेवटी वळून बसता. दोघांनीही दोन्ही बाजू शिकायच्या. आणि उलटल्यावर वल्हं आणि होडी यातलं काहीही सोडायचं नाही. पोहत काठ गाठू, असं वाटतं. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो, आणि तरंगती होडी माणसाच्या डोक्यापेक्षा लवकर दिसते.

बैठकीवर ताणून बसवायचं पाणझाकण पहिल्या हंगामात नकोच. ते ओढून बाहेर यायचा सराव झाल्याशिवाय ते लावणं धोक्याचं.

वल्हं

यावर फार लिहीत नाही, पाण्यात अर्ध्या तासात कळतं. वल्हं डोक्यावर धरा, कोपरं काटकोनात आली की पकड बरोबर. पात्यावर अक्षरं असतील तर ती सुलटी दिसली पाहिजेत. पातं पायाच्या बोटांपाशी पाण्यात घाला, कमरेपाशी बाहेर काढा. जोर दंडाचा नाही, धड वळवण्याचा. शर्यतीच्या होडीत एका पात्याचं वल्हं ओढायची सवय असलेला माणूस इथे पातं कमरेच्या मागे खूप लांब ओढतो. त्याने होडी पुढे जायच्याऐवजी नाक फिरवते. वळायचं असेल तेव्हा मात्र पात्याने लांब, रुंद अर्धवर्तुळ काढा. हातांना फोड येत असतील तर पकड सैल करा.

वेग सरासरी चार किलोमीटर तासाला धरा, समोरून वारा असेल तर निम्मा. पहिल्या दिवशी एकूण दोन तास पुरे.

वारा

सोंडेच्या आडोशाला पाणी आरशासारखं असतं आणि तिथेच माणूस फसतो. खोरं उत्तर-दक्षिण लांब आहे. वाऱ्याला त्या लांबीभर मोकळी धाव मिळाली की लाट वाढत जाते. सोंडेचं नाक ओलांडलं की हा वारा एकदम अंगावर येतो. म्हणून नाकाच्या अलीकडे थांबून पलीकडच्या पाण्याचा रंग बघायचा. गडद, खरखरीत पट्टा सरकताना दिसला तर तो वारा आहे. लाटांच्या माथ्यावर मधूनमधून पांढरा फेस फुटत असेल तर नवख्याने तिथूनच मागे फिरावं, चर्चा न करता.

वारा काठाकडून पाण्याकडे वाहत असेल तर जास्त सावध. काठाजवळ लाट नसते, सगळं सोपं वाटतं, आणि तुम्ही हळूहळू मध्यभागी ढकलले जात असता. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परतताना तो पाठीवर असेल.

लाँच गेली की तिची लाट येते. कुशीवर घेऊ नका, नाक तिच्याकडे तिरकं वळवा आणि वल्हं पाण्यात चालू ठेवा. तापोळ्याला गाड्या पलीकडे नेणारा तराफा असतो. तो चटकन थांबत नाही, त्याच्या पुढून ओलांडायचं नाही.

उतरायची जागा

इथे घाई करू नका. काठ दिसला म्हणजे उतरता येतं असं नाही. पातळी खाली असताना जवळून बघा: वरचा थर उन्हाने तडकलेला, वाळलेला दिसतो आणि पाण्यालगतची हातभर रुंद पट्टी चकाकत असते. ही चकाकी म्हणजे गाळ. आधी वल्ह्याचा दांडा खुपसा. कोपरभर आत गेला आणि काढताना ओढ लागली, तर पाय गुडघ्यापर्यंत जाणार. अशा जागी उभं राहू नका, होडीतच बसून पुढची जागा शोधा.

चांगल्या जागा दोन प्रकारच्या. एक, जुन्या भातखाचरांचे बांध. पातळी उतरली की ते पायऱ्यांसारखे एकाखाली एक उघडे पडतात, दगडाचे असल्याने पाय रुतत नाही आणि होडी बांधाला समांतर लावता येते. दुसरी, ओढ्याच्या मुखाशी गोट्यांचा पट्टा असेल ती. खाडीचं अगदी आतलं टोक मात्र टाळा, सगळा गाळ तिथेच बसलेला असतो. पाण्याखाली जुन्या झाडांचे खुंट असतात. एखादा पाण्याबाहेर दिसला तर आजूबाजूला न दिसणारे आणखी आहेत असंच धरायचं.

कुठे जुनी भिंत, कुठे देवळाचा चौथरा वर येतो. ही धरणाखाली गेलेली गावं आहेत. त्यांतली माणसं साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी भांडताहेत. तिथे चढून नाश्त्याचे डबे उघडू नका, एवढीच विनंती.

पाण्यावर थर्माकोलच्या तुकड्यांची किंवा प्लास्टिकच्या बाटल्यांची रांग दिसली की खाली जाळं आहे. वळसा घाला. ते कोणाचं तरी पोट आहे, आणि वल्हं अडकलं तर तुम्हीही उलटाल.

पहिल्या फेऱ्या

सुरुवात बामणोलीच्या काठाजवळ, गावावरून नजर पडेल अशा टापूत. साताऱ्याहून कासमार्गे रस्ता साधारण 36 किलोमीटर, घाटाचा. कासच्या फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी तिकडे निघालात तर सकाळ गाडीतच जाईल.

हात बसला की बामणोली ते शेंबडी, काठाकाठाने जाऊन परत. त्यानंतर बामणोली ते तापोळा, एकाच दिशेने. लाँचला याला तासाभराच्या आत-बाहेर वेळ लागतो, तुम्ही अर्धा दिवस धरा. वाटेत दोन उतरायच्या जागा आदल्या दिवशी लाँचवाल्याला विचारून ठरवून ठेवा. त्यांच्याइतकं हे पाणी कोणी ओळखत नाही. ‘मामा, आज पाणी कुठवर उतरलंय, गाळ कुठे आहे?’ एवढं विचारलं तरी माहिती हात राखून देणारा माणूस मला तिथे भेटलेला नाही. मुक्काम तापोळ्याला गावात करा. जंगलाच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे आणि गवे, अस्वलं पाण्यावर येतात ते रात्रीच.

जंगलातल्या वासोटा किल्ल्याला कयाकने जायचं सगळ्यांच्याच मनात येतं. पहिल्या वर्षी ते मनातच राहू द्या. लाँचलाच तास-दीड तास लागतो, वर किल्ल्याची चढाई, आणि उतरून येईपर्यंत दुपारचा वारा सुटलेला. लाँचने जा, बामणोलीत वनखात्याचा परवाना काढून, आणि जाताना काठ बघून ठेवा.

निघण्याआधी

एकट्याने जायचं नाही. तीन होड्या असल्या तर उत्तम, एक अडचणीत आली तर दुसरी मदतीला आणि तिसरी निरोपाला. स्वतःची होडी असेल तर पाण्यात घालण्यापूर्वी तिथल्या बोटक्लबला आणि जलसंपदा विभागाच्या माणसांना विचारा, परवानगी लागते का ते तेच सांगतील.

कागदावर लिहून एका लाँचवाल्याकडे आणि एक प्रत घरी ठेवा: कोण, किती होड्या, रंग कोणता, कुठून कुठे, किती वाजेपर्यंत परत, आणि त्या वेळेनंतर किती वाट बघून शोध सुरू करायचा. खोऱ्यात मोबाइलला रेंज येते-जाते, 112 लागेलच असं नाही. शिट्टीच्या तीन फुंका म्हणजे मदत हवी, हे सगळ्यांचं आधी ठरलेलं असू द्या. परत आल्यावर त्या लाँचवाल्याला आणि घरी कळवायला विसरू नका, नाहीतर तुम्ही साताऱ्यात मिसळ खात असाल आणि तो बिचारा डिझेल जाळत अंधारात तुम्हाला शोधत असेल.